गाजराचं डोकं का छाटायचं?

(एपिसोडचं लेखी रूप. बोलताना मी दोन ठिकाणी अडखळले होते आणि एकदा मागे कुकरची शिट्टी झाली होती, तेवढं काढून टाकलंय. बाकी जसंच्या तसं.)

लोकलमध्ये लोंबकळत, बसच्या खिडकीशी, भांडी घासताना, जिथे असाल तिथे, स्वागत. आज किल्ला नाही, तह नाही, राजाही नाही. लढाई मात्र आहे. एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी एक माशी आणि मधे गाजर. ही लढाई दीडशे वर्षं चाललीय. त्यात एक महायुद्ध येतं, डांबरगोळ्या येतात, आणि शेवटी मला माझ्या रोजच्या कामातली एक चूक दिसली तीही येते.

तर झालं असं. कंपनीने मला दोन वर्षांसाठी इंग्लंडला पाठवलं होतं, कॉव्हेंट्रीला. तिथे अलॉटमेंट नावाचा प्रकार असतो. ज्यांच्या घराला बाग नाही त्यांना नगरपालिका वर्षाच्या भाड्याने जमिनीचा तुकडा देते, भाजीपाला लावायला. जुन्या मापाचा पूर्ण तुकडा म्हणजे सुमारे अडीचशे चौरस मीटर, आपल्या हिशेबाने अडीच गुंठे. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याकडे असा तुकडा होता आणि त्याला तो झेपत नव्हता. त्याने एक कोपरा मला दिला. मी सांगलीची. आजोळी शेती, पण माझा स्वतःचा शेतीचा अनुभव म्हणजे सुट्टीत ऊस खाणे. तरी म्हटलं, गाजर लावू. अवघड काय त्यात? गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली.

मोडून खायचीही सोय राहिली नाही. एप्रिलमध्ये बी पेरलं. दाट उगवलं म्हणून मे महिन्याच्या शेवटी एका रविवारी भर दुपारी बसून विरळणी केली. उपटलेली रोपं तिथेच वाफ्यावर टाकली, मस्त वास सुटला होता, रील पण काढलं. ऑक्टोबरमध्ये गाजरं उपटली तर सगळ्यांवर गंजासारखे तपकिरी चट्टे. सुरीने कापलं तर आत बोगदे, आणि बोगद्यात पिवळसर पांढऱ्या अळ्या. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. ती म्हणाली, "टाकून दे ते, हात धू आधी."

शेजारच्या तुकड्यावर एक आजोबा असायचे, ऐंशीच्या घरातले. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि स्वतःच्या वाफ्यातलं एक स्वच्छ, सरळ गाजर काढून आणलं. मला द्यायच्या आधी मात्र खिशातल्या चाकूने त्याचं डोकं उडवलं, चांगलं दोन बोटं. मग जाडजूड साल काढली. अर्धं गाजर जमिनीवर गेलं म्हणा ना. मी विचारलं, फवारता का काही? नाही म्हणाले, आयुष्यात नाही फवारलं. मग साल का काढता? त्यावर ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, सवय आहे, पंचाण्णव सालापासूनची. तेव्हा सरकारने सांगितलं होतं.

सरकार गाजर सोलायला सांगतं? हे डोक्यात बसलं, आणि हा एपिसोड तिथून सुरू झाला.

आधी माशीची ओळख करून घेऊ. शास्त्रीय नाव सायला रोझी. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७९४ साली तिची नोंद केली. नावात गुलाब असला तरी गुलाबाशी तिचं काही देणंघेणं नाही. काळं चकचकीत अंग, पिवळसर पाय, लालसर तपकिरी डोकं. मूळची युरोपातली, थंड हवेची. तिला गाजराचं अख्खं खानदान आवडतं: पार्सनिप, सेलरी, पार्सली. आपल्या फोडणीतलं जिरं, ओवा, बडीशेप आणि वरून भुरभुरायची कोथिंबीर हेही त्याच कुळातले, गाजराचे चुलतभाऊ.

मादी दिवसभर वाफ्यात नसते. कुंपणाच्या झुडपात, झाडांच्या आडोशाला बसते आणि दुपार कलली की अंडी घालायला पिकात शिरते. उडते अगदी खालून, जमिनीला धरून. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. गाजराच्या बुडाशी मातीच्या भेगांत अंडी घालते. अळ्या निघाल्या की आधी बारीक मुळं खातात, मग मुख्य मुळात शिरतात. इंग्लंडमध्ये वर्षाला साधारण दोन पिढ्या होतात, काही ठिकाणी तिसरीही. पहिली मे अखेर ते जूनमध्ये अंडी घालते, दुसरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. दुसऱ्या पिढीच्या अळ्या हिवाळाभर जमिनीत, गाजरातच, आरामात जेवत राहतात.

आता माझा रविवार आठवा. मे अखेर, भर दुपार, उपटलेल्या रोपांचा वास. मी माशीला पत्ता तर दिलाच, वर लोकेशनही शेअर केलं.

हा वास म्हणजे नेमकं काय, यावर १९८०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वेडेन्सविलच्या संशोधन केंद्रात काम झालं. गेरिन आणि श्टेडलर या शास्त्रज्ञांनी गाजराच्या पानातला एकेक घटक वेगळा करून माशीच्या शिंगांवर, म्हणजे तिच्या नाकावर, तपासला. ज्या घटकांना माशीने जोरदार दाद दिली त्यातला एक होता ॲसारोन. नाव अनोळखी वाटेल, पण त्याचा वास तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाळण्यात असतानाच घेतलाय. वेखंडातही ॲसारोन असतं.

आता मागे जाऊ, एकोणिसाव्या शतकात. तेव्हा इंग्लंडमधले शेतकरी या प्रकाराला 'गंज' म्हणत. गाजर गंजलं, एवढंच. रोग म्हणावा, जमिनीचा दोष म्हणावा की दैव, कुणालाच खात्री नव्हती. कीटकशास्त्रज्ञांना माशी माहीत होती, पण शेतकऱ्याला कोण सांगणार? इथे येते एलिनॉर ऑर्मरॉड. जन्म १८२८, ग्लॉस्टरशायरमधल्या श्रीमंत घरातला. विद्यापीठाचं शिक्षण नाही, कारण मुलींना ते मिळतच नव्हतं. १८७७ साली तिने उपद्रवी कीटकांवरचा पहिला वार्षिक अहवाल काढला, स्वतःच्या खर्चाने. मग जवळजवळ पाव शतक दरवर्षी एक. माहिती कुठून आणायची? पत्रांतून. देशभरातले शेतकरी, माळी, बागांचे मालक तिला पत्रं लिहायचे, डबीत घालून अळ्या पाठवायचे. ती ओळखून उत्तर द्यायची, आणि पुन्हा तेच सगळं संकलित करून पुढच्या वर्षी छापायची. थोडक्यात, लोकांनी बग रिपोर्ट पाठवायचे आणि एका बाईने घरी बसून ते सगळे हाताळायचे. पगार शून्य. १९००मध्ये एडिंबरा विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली. हा मान मिळवणारी तिथली ती पहिली स्त्री. पुढच्याच वर्षी ती गेली. गाजरमाशी तिच्या पुस्तकांतल्या शेकडो कीटकांपैकी एक आहे. पण 'गंज' हा दैवाचा प्रकार नसून पकडता येण्यासारख्या एका प्राण्याचं काम आहे, ही समजूत सामान्य माळ्यापर्यंत पोचली ती असल्या खटाटोपांमुळे.

कळलं की माशी आहे, तर मग उपाय काय? जुन्या काळचे सगळे उपाय एकाच कल्पनेवर उभे होते: गाजराच्या वासावर त्याहून उग्र वास चढवा. काजळी टाका. वाळू रॉकेलमध्ये भिजवून ओळींच्या कडेने पसरा. आणि नंतर, विसाव्या शतकात, नॅफ्थलीन. म्हणजे आपली डांबरगोळी! आजीच्या ट्रंकेत पैठणीच्या घड्यांमधे असते तीच, फक्त तिथे बारीक भुकटी करून गाजराच्या ओळींवर भुरभुरायची. शेजारच्या आजोबांना हे पक्कं आठवत होतं. युद्धानंतरची वर्षं, ते लहान, आणि त्यांच्या वडिलांच्या वाफ्याला कपाटाचा वास. पाऊस पडला की वास जायचा, परत टाकायची. इंग्लंडमध्ये पाऊस किती पडतो ते वेगळं सांगायला नको.

युद्ध म्हटलंच आहे तर तिथे थांबू, कारण गाजराचं भाग्य तिथेच फळफळलं. १९३९मध्ये युद्ध सुरू झालं. ब्रिटन बरंच अन्न जहाजांनी बाहेरून आणायचा आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजं बुडवत होत्या. सरकारने हाक दिली, विजयासाठी खणा. बागा, हिरवळी, मैदानं, जिथे माती दिसेल तिथे भाजी. अलॉटमेंटचा आकडा १९३९मधल्या सुमारे ८ लाख १५ हजारांवरून १९४३पर्यंत १४ लाखांवर गेला. यातल्या कित्येकांनी आधी कुदळ हातात धरली नव्हती. माझ्यासारखेच.

त्यांना शिकवलं कुणी? रेडिओने. सी. एच. मिडलटन नावाचा गृहस्थ बीबीसीवर रविवारी दुपारी जेवणानंतर बागकामावर बोलायचा. शांत आवाज, शेजाऱ्याशी गप्पा माराव्यात तशी शैली, आणि ऐकणारे सुमारे ३५ लाख. मंडळी, आमच्या पॉडकास्टचा आकडा मी सांगत नाही, तुम्हाला वाईट वाटेल.

साखरेवर १९४०च्या जानेवारीत रेशन आलं आणि गोड लागणारं, मुबलक पिकणारं गाजर अचानक हिरो झालं. अन्न खात्याने डॉक्टर कॅरट नावाचं कार्टून काढलं. गाजराचा केक, गाजराचा मुरांबा, आणि आइसक्रीम मिळत नाही म्हणून पोरांच्या हातात काडीला टोचलेलं गाजर. 'गाजर खा, अंधारात दिसेल' हीसुद्धा तेव्हाचीच गोष्ट. रात्री जर्मन विमानं पाडणारा वैमानिक जॉन कनिंगहॅम गाजर खाऊन मांजरासारखा बघतो, असा बोलबाला झाला. त्याच्या विमानात रडार होतं हे अर्थातच कुणी सांगितलं नाही. ही थाप जर्मनांना खरंच पटली का, याचा पुरावा नाही. आपल्या आयांना मात्र ती पटली. मला दुसरीत चष्मा लागला तेव्हा रोज एक गाजर सुरू झालं होतं. चष्मा अजून आहे.

पण मुद्दा असा की देशाचं ताट गाजरावर टेकलेलं असताना अळीने खाल्लेला वाफा ही किरकोळ गोष्ट राहत नाही. कंटाळून खणणाऱ्याने कुदळ खाली ठेवली तर मोहीमच बसते. म्हणून माशीपासून बचाव हा घरगुती प्रश्न थोडासा राष्ट्रीय झाला. आणि राष्ट्रीय प्रश्नाला युद्धानंतर उत्तर मिळालं ते कारखान्यातून.

१९५०च्या दशकात ऑल्ड्रिन, डील्ड्रिन ही डीडीटीच्या गोतावळ्यातली कीटकनाशकं आली. बियाण्याला चोळा, मातीत मिसळा, संपलं. ती मातीत वर्षानुवर्षं टिकायची, तेव्हा तो गुण मानला गेला. पूर्व इंग्लंडमधल्या फेन्स भागात, काळ्याभोर मातीत, गाजराची मोठी शेती. त्याच जमिनीत पुन्हा पुन्हा गाजर, पुन्हा पुन्हा तेच औषध. काही वर्षं माशी गायब. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला परत आली ती डील्ड्रिनला न जुमानणारी. जी थोडी माशी वाचायची तिचीच पिलावळ पुढे वाढायची. दरम्यान डील्ड्रिन लावलेलं बियाणं खाऊन इंग्लंडमध्ये पक्षी मरत होते. १९६२मध्ये अमेरिकेत रेचल कार्सनचं 'सायलेंट स्प्रिंग' आलं आणि हा विषय घराघरात गेला.

मग दुसरं कुटुंब आलं, ऑर्गॅनोफॉस्फेट. ही मातीत तेवढी टिकत नाहीत, पण माशीच्या मज्जासंस्थेवर घाव घालतात. आणि मज्जासंस्था आपल्यालाही आहे. ती टिकत नाहीत म्हणून पुन्हा पुन्हा द्यावी लागतात. त्यात इंग्लंडची पद्धत अशी की गाजरं हिवाळ्यात काढून ठेवत नाहीत, जमिनीतच ठेवतात, वर पेंढ्याची रजई घालून. बाजाराला लागतील तशी उपटायची. म्हणजे दुसऱ्या पिढीच्या अळ्यांना पूर्ण हिवाळा मोकळा. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात फवारण्या.

आता १९९५. इथे जरा सावकाश जाऊ.

भाजीतला कीटकनाशकाचा अंश तपासायची पद्धत अशी होती: दहाएक गाजरं घ्यायची, एकत्र लगदा करायचा, त्याचा एक नमुना तपासायचा. आकडा येतो तो सरासरीचा. सरासरी मर्यादेच्या आत असली की सगळं ठीक. वर्षानुवर्षं ठीकच होतं. मग ब्रिटनमध्ये कुणीतरी गाजरं एकेक करून तपासली. आणि दिसलं की एकाच शेतातल्या, एकाच पिशवीतल्या गाजरांमध्ये प्रचंड फरक आहे. बहुतेकांत जवळजवळ काही नाही आणि एखाद्यात सरासरीच्या कित्येक पट.

माझ्यासारखं काम करणाऱ्यांना ही गोष्ट ऐकून घाम फुटेल. आमच्याकडे सर्व्हर उत्तर द्यायला किती वेळ घेतो याची सरासरी बघायची नाही, हे पहिल्या वर्षी शिकवतात. सरासरी दोनशे मिलिसेकंद दिसते, आणि एखादा माणूस तिकडे वीस सेकंद गोल फिरणारं चाक बघत बसलेला असतो. तरीही मी स्वतः एकदा डॅशबोर्डवर सरासरी लावून, सगळं हिरवं दिसतंय म्हणून झोपायला गेले होते. सकाळी चौदा मिस्ड कॉल. तिथे फार तर ग्राहक चिडतो. इथे मात्र कुणी सरासरी गाजर खात नाही. दोन वर्षांचं पोर एका वेळी एक गाजर खातं, आणि ते नेमकं तेच गाजर असू शकतं.

ब्रिटनच्या कृषी खात्याने १९९५मध्ये लोकांना सल्ला दिला: गाजर खाण्याआधी सोला आणि डोक्याकडचा भाग कापून टाका. औषधाचा अंश जास्त करून सालीत आणि वरच्या टोकाला साठतो म्हणून. फवारण्यांवरही मर्यादा घातल्या. १९९८मध्ये यॉर्क शहरात या एकाच विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली: एका फळात आणि दुसऱ्या फळात अंश किती वेगळा असू शकतो आणि एका बैठकीत एका माणसाच्या पोटात किती जाऊ शकतो. आज जगभर अन्नातल्या अंशाची मर्यादा तपासताना हा फरक हिशेबात धरतात. सफरचंद, बटाटा, सगळ्याला. सुरुवात गाजरापासून झाली, आणि गाजरात ते औषध गेलं होतं या माशीमुळे.

तर आजोबांच्या चाकूमागे हे होतं. स्वतः कधीच न फवारणारा माणूस, दुकानातल्या गाजराला लागलेली सवय घरच्या गाजरालाही लावून बसला होता.

मग फवारल्याशिवाय त्यांची गाजरं स्वच्छ कशी? हे विचारायला मला लाज वाटली नाही. उत्तर त्यांच्या वाफ्याभोवती उभंच होतं, मी ते रोज बघून दुर्लक्ष केलं होतं. चार कोपऱ्यांत बांबू आणि भोवती ताणून बांधलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद, दोन फूट उंच. वरून उघडा! मला वाटायचं सशांसाठी असेल.

माशी जमिनीला धरून उडते, हे सांगितलं होतं ना? समोर कागद आला की ती सहसा वर जाऊन ओलांडत नाही, बाजूने निघून जाते. साठ सेंटिमीटर पुरतात. वाफा मात्र अरुंद हवा, मीटरभर. रुंद ठेवलात तर वाऱ्यासोबत वरून आत पडायला तिला जागा मिळते. याहून पक्का उपाय म्हणजे बारीक जाळी अख्ख्या वाफ्यावर घालणं, कडा मातीत पुरून. आणि दोन्हीत एक फसगत आहे. गेल्या वर्षी जिथे गाजर होतं तिथेच पुन्हा लावून भोवती भिंत घातली, तर जमिनीतल्या कोषांतून माशा भिंतीच्या आतच जन्मतात. व्हायरस आत आणि फायरवॉल बाहेर! म्हणून जागा बदलायचीच.

कांद्याचं काय, असं तुमच्यातल्या बागवाल्यांनी आतापर्यंत मनात विचारलं असेल. गाजराशेजारी कांदा लावा, माशी येत नाही, हा सल्ला प्रत्येक पुस्तकात असतो. मला तो आवडायचा, कारण कांदा आणि मराठी माणूस. १९८०च्या दशकात उव्हा आणि कोकर या संशोधकांनी तो शेतात तपासला. फायदा होतो, पण कांद्याची पात वाढत असेपर्यंत. कांदा गड्डा धरू लागला की परिणाम संपतो. म्हणजे दुसरी पिढी येते तेव्हा कांदा सुट्टीवर.

आणि वॉरिकशायरमधलं वेल्सबर्न. १९४९मध्ये तिथे राष्ट्रीय भाजीपाला संशोधन केंद्र उभं राहिलं, कॉव्हेंट्रीहून गाडीने अर्धा-पाऊण तास. तिथल्या फिंच आणि कॉलियर यांनी २०००च्या सुमारास वासाच्या या सगळ्या समजुतीलाच धक्का दिला. गाजरमाशीवर नाही, कोबीच्या मुळावरच्या माशीवर. वास माशीला सांगतो की इथे उतर, पण उतरताना ती वासावर नाही, हिरव्या रंगावर उतरते. मोकळ्या तपकिरी मातीत हिरवं म्हणजे फक्त कोबी, म्हणून नेम चुकत नाही. भोवती दुसरं काहीही हिरवं असलं की ती चुकीच्या पानावर उतरत राहते आणि कंटाळून जाते. उग्र वासाची वनस्पतीच हवी असं नाही, हिरव्या पुठ्ठ्याचे तुकडेही चालले! म्हणजे काजळी, रॉकेल, डांबरगोळी... जाऊ दे. स्वच्छ खुरपलेला, एक तण नसलेला वाफा ही माशीसाठी धावपट्टी असू शकते, एवढं मी आईला कळवलं. तिला ते आळशीपणाचं समर्थन वाटलं.

त्याच केंद्रात सिटान नावाचं जुनं गाजर माशीला कमी बळी पडतं हे सापडलं. अशा गाजरात क्लोरोजेनिक ॲसिड कमी असतं. त्या दिशेने झालेल्या कामातून फ्लायअवे, रेझिस्टाफ्लाय अशा जाती बाजारात आल्या. पूर्ण अभेद्य नाहीत, नुकसान कमी. आणि तिथेच तापमानावरून माशी कधी निघेल याचा अंदाज सांगणारं संगणकाचं मॉडेल तयार झालं. कुठल्या तारखेला निघेल हे मातीची ऊब ठरवते, कॅलेंडर नाही. थोड्या माशा लवकर, बऱ्याच मधे, काही उशिरा, असं हजारो माशांचं आयुष्य संगणकात चालवून बघायचं. इथेही सरासरी तारीख कामाची नाही, पहिल्या माशीची तारीख हवी.

दुसऱ्या वर्षी मी काय केलं ते सांगते. जागा बदलली. एप्रिल सोडला, पेरणी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे पहिली पिढी बरीचशी चुकली. बी विरळ पेरलं, वाळूत मिसळून, म्हणजे विरळणी जवळजवळ नकोच. जी करावी लागली ती अंधार पडताना, लगेच पाणी, उपटलेली रोपं पिशवीत भरून घरी. दुसऱ्या पिढीसाठी आजोबांसारखा कागद. बांबू त्यांनीच दिले. एकदा वादळी वाऱ्याने कागद फाटला आणि मला चार दिवस जाता आलं नाही. तेवढ्यात एक बाजू उघडी राहिली.

ऑक्टोबरमध्ये काढली. त्या फाटलेल्या बाजूची ओळ गंजली होती, पण बाकी गाजरं स्वच्छ. किलो-दीड किलो असतील. त्याचा हलवा केला. ती गाजरं नारिंगी, आपली थंडीतली लाल नाहीत, त्यामुळे हलव्याला रंग आला नाही. "बेसनाचा वाटतोय," आई म्हणाली.

डबा घेऊन आजोबांकडे गेले. त्यांनी चमचाभर खाल्लं, मग विचारलं की यात गाजर कुठे आहे. मी माझ्या वाफ्यातलं एक कच्चं गाजर बरोबर नेलं होतं, ते पुढे केलं. त्यांनी ते उजेडात फिरवून बघितलं, एकही चट्टा नाही. मग खिशातून चाकू काढला आणि त्याचं डोकं उडवलं.

चला, भेटू पुढच्या रविवारी. तुमच्या घरी भाजी निवडताना कुणी काही कापून टाकत असेल आणि का ते सांगता येत नसेल, तर मला लिहून पाठवा. डबीत अळ्या नकोत, फोटो चालेल.